ता. क. मधला कोळसा

प्रश्न : ताई, माझ्याकडे ४०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दोन वर्षं झाली. त्यात एक ब्लू टँग, एक यलो टँग, क्लाउनफिशची जोडी आणि एक क्लीनर कोळंबी. दीड महिन्यापूर्वी ब्लू टँगच्या दोन डोळ्यांच्या मध्ये फिकट डाग दिसले. आता तिथे टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडलेत आणि कल्ल्यामागून शेपटीकडे एक पांढुरकी रेघ निघालीय. यलो टँगच्या गालावरही तसंच काहीतरी सुरू होतंय. क्लाउनफिश ठणठणीत. खाणं सगळ्यांचं पहिल्यासारखंच. एकाने सांगितलं, परजीवी आहेत, कॉपर (तांब्याचं औषध) घाल. दुसऱ्याने मेट्रोनिडॅझोल नावाचं औषध सुचवलं. मी दोघांचंही न ऐकता पाच दिवस अँटिबायोटिक घातलं. त्यात अमोनिया वाढला, खड्डे तसेच. आता कॉपर घालू का?

ता. क. : पाणी पिवळट दिसायला लागलं होतं म्हणून तीन महिन्यांपूर्वी फिल्टरमधला कार्बन (पाणी नितळ करणारा कोळसा) दुप्पट केलाय. त्यामुळे पाण्याचा दोष नसावा, अगदी काचेसारखं आहे.

उत्तर : कॉपर घालू नका. तुमची कोळंबी त्यात दोन दिवसही काढायची नाही, आणि टाकीतले दगड-वाळू ते कॉपर शोषून बसतील ते वेगळंच. शिवाय ज्याच्यासाठी घालायचं तो परजीवी इथे असल्याचं एकही लक्षण तुमच्या पत्रात नाही. अँटिबायोटिकने काय केलं ते तुम्ही पाहिलंच. फिल्टरमधले कामाचे जिवाणू मारले आणि अमोनिया चढवला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तुमच्या पत्रातली सगळ्यांत कामाची ओळ तुम्ही ता. क. मध्ये टाकलीत. पण तिच्याकडे येण्याआधी निदान पक्कं करू, कारण चुकीच्या रोगाला बरोबर उपाय करूनही उपयोग नसतो.

आज रात्री टाकीचा दिवा बंद करा आणि छोटा टॉर्च काचेला टेकवून बाजूने माशावर धरा. समोरून नाही, बाजूने. तिरप्या उजेडात दोनच गोष्टी बघायच्या : डाग वर आलेला आहे की आत गेलेला, आणि एका बाजूला आहे की दोन्ही. मिठाचे कण शिंपडल्यासारखे वर आलेले ठिपके, तेही आज दिसले, परवा गायब, आठवड्याने दुप्पट, असं असेल तर तो क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी. अंगावर पिठी भुरभुरल्यासारखं दिसतंय आणि मासा धापा टाकतोय, तर तो व्हेल्वेट, तोही परजीवीच. त्यात दिवस मोजायलाही वेळ मिळत नाही. लाल, रक्ताळलेली, रोज वाढणारी जखम जिवाणूंची. दगडाला घासून झालेली जखम सहसा एकाच बाजूला असते.

तुम्ही वर्णन केलेत ते खड्डे आत गेलेले असतील, दोन्ही बाजूंना साधारण सारखेच असतील, कडा स्वच्छ, ना लाली ना बुरशीसारखा कापूस, आणि मासा मजेत खात असेल, तर ही डोक्याची आणि पार्श्वरेषेची झीज. मासे पाळणारे तिला नुसतं एचएलएलई म्हणतात. पार्श्वरेषा म्हणजे माशाच्या कुशीवरून जाणारी ती बारीक रेघ, जिच्यामुळे त्याला पाण्यातली हालचाल जाणवते. त्या जाणिवेची बारीक छिद्रं डोक्यावरही पसरलेली असतात. झीज तिथूनच सुरू होते, म्हणून खड्डे आधी डोळ्यांभोवती आणि गालावर, मग रेघ मागे सरकते. टँग आणि एंजलफिश हे तिचे नेहमीचे गिऱ्हाईक. क्लाउनफिश ठणठणीत आहेत हेही याच चित्रात बसतं. एकाकडून दुसऱ्याला लागलेला हा रोग नाही. दोन्ही टँग एकाच पाण्यात आहेत, इतकंच.

आता तो कार्बन.

या झिजेला वर्षानुवर्षं कोणकोण जबाबदार धरलं गेलं! जीवनसत्त्वांची कमतरता, विजेची गळती, विषाणू, ताण. २०११ मध्ये मात्र दोन वेगवेगळ्या गटांनी अटलांटिकमधल्या ओशन सर्जनफिशवर, म्हणजे तुमच्या टँगच्याच भाऊबंदांवर, नीट प्रयोग करून पाहिले. ॲक्टिव्हेटेड कार्बन लावलेल्या टाक्यांतल्या माशांना झीज झाली, कार्बन नसलेल्या टाक्यांतल्या माशांना झाली नाही. त्यातल्या एका प्रयोगात दोन प्रकारचे कार्बन ताडून पाहिले होते : लिग्नाइटच्या मऊ कोळशापासून केलेल्या कार्बनने झीज जबर झाली, कडक गोळ्यांच्या कार्बनने सौम्य. मऊ कार्बन लवकर झिजतो आणि त्याची भुकटी पाण्यात फिरत राहते, त्यामुळे संशयाचं बोट भुकटीकडे जातं. तुमचं पाणी काचेसारखं दिसतं ते पिवळेपणा गेला म्हणून. भुकटी डोळ्यांना दिसत नाही.

मला हे शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही, आधी हात पोळले. माझ्या यलो टँगच्या कपाळावर असेच खड्डे पडले होते. मी हीटर बदलला, पंप बदलला, लसणाच्या पाण्यात खाणं भिजवलं, पाण्यात मीटरच्या तारा सोडून विजेची गळती शोधली. (हीटरची काच तडकलेली असेल तर तो तसाही बदलावा, पण माशासाठी नाही, तुमच्या हातासाठी.) उपयोग शून्य. मग नवीन आणलेला एक मासा त्याला छळायला लागला, म्हणून टँग एका मैत्रिणीच्या टाकीत पाठवला. दोन महिन्यांनी बघायला गेले तर कपाळ जवळजवळ भरलेलं, पिवळा रंग पूर्ववत. तिच्या हाताला गुण आहे असं मी चारचौघांत सांगत सुटले. तिची टाकी माझ्यापेक्षा अस्वच्छ, खाणं तेच, मीठसुद्धा एकाच डब्यातलं. फरक एवढाच की फिल्टरमध्ये कार्बन बदलायचा कंटाळा म्हणून तिने तो कधी घातलाच नव्हता. मला हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

तर तुमचं काम असं. सगळा कार्बन आजच काढा. ‘थोडा ठेवते’ म्हणू नका. ज्या स्पंजमधून किंवा लोकरीतून पाणी जातं तो टाकायच्या लायकीचा समजून नवा घाला, फिल्टरच्या डब्याच्या तळाशी काळा गाळ बसलेला असेल तो पुसून घ्या. जिवाणू राहतात त्या सिरॅमिक कड्यांना मात्र हात लावू नका, बिचाऱ्यांना आत्ताच अँटिबायोटिकचा मार बसलाय. अमोनिया शून्यावर येईपर्यंत रोज मोजा आणि दर दोन-तीन दिवसांनी १५-२० टक्के पाणी बदला, पुढे आठवड्याला एकदा. वाळूचा वरचा थर सायफनने हलकेच ओढून घ्या. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) चालू राहू द्या. पाणी पुन्हा पिवळट दिसेल. दिसू दे. पाणी बदलत राहिलात की तेही कमी होतं.

खाण्यात रोज समुद्री शेवाळ द्या. बिन-मिठाची, बिन-तेलाची नोरी (वाळवलेल्या शेवाळाचे पातळ कागद) काचेला चिमट्याने लावा आणि ते दोघे तिला ओरबाडताना बघा. टँगचा जबडा त्यासाठीच बनलाय. गोठवलेलं खाणं वितळल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा जीवनसत्त्वांच्या थेंबांत दहा मिनिटं भिजवा. निकृष्ट आहाराने ही झीज वाढते असं मानायला जागा आहे, पण आहार सुधारून कार्बन तसाच ठेवलेले लोक मला ‘काही फरक नाही’ म्हणून लिहितात.

आणि मग थांबा. हे सगळ्यांत अवघड, कारण बाटली उघडून काहीतरी ओतल्याशिवाय आपल्याला काही केल्यासारखं वाटत नाही. दर रविवारी त्याच कोनातून, त्याच टॉर्चने फोटो काढा. रोज बघून फरक कळत नाही. माझ्या अनुभवात महिना-दीड महिन्याने खड्ड्यांच्या कडेला रंग परतायला लागतो, पूर्ण भरायला कित्येक महिने जातात, आणि फार खोल गेलेल्या खड्ड्यांचे वण राहतात. तुमचं दीड महिन्यातलं प्रकरण आहे, वण राहिलेच तर किरकोळ राहतील. मध्येच खड्डा लाल झाला, त्यावर कापूस धरला किंवा माशाने खाणं सोडलं, तर वर जिवाणूंचा संसर्ग झालाय. तेव्हा माशांचे डॉक्टर गाठा, औषध वेगळ्या टाकीत. मोठ्या मत्स्यालयांत पशुवैद्य माशाला भूल देऊन खड्ड्यांवर माणसांच्या मधुमेही जखमांसाठीचं बेकॅप्लर्मिन जेलही लावतात. ते घरी करायचं काम नाही, आणि तुम्हाला त्याची गरजही दिसत नाही.

पुढे कधी टाकीतलं औषध काढून टाकायला कार्बन लागलाच, तर कडक गोळ्यांचा घ्या. कोळसा उगाळावा तितका काळाच, तसं हे धुणं संपत नाही, तरी पाणी अगदी नितळ निघेपर्यंत धुवा. जाळीच्या पिशवीत, पाण्याचा जोर नाही अशा ठिकाणी दोन-तीन दिवस ठेवा आणि काढून टाका.

प्रश्न : माझ्या ऑस्कर माशाच्या डोक्यालाही भोकं पडलीत. गोडं पाणी आहे. मीही कार्बन काढू का?

उत्तर : काढलात तर बिघडत नाही, पण तुमचं दुखणं बहुधा वेगळं आहे. गोड्या पाण्यातल्या ऑस्कर आणि डिस्कसच्या डोक्यातल्या भोकांमागे बऱ्याचदा आतड्यातला स्पायरोन्यूक्लिअस नावाचा परजीवी आणि खराब पाणी असं दुहेरी कारण असतं, आणि मेट्रोनिडॅझोलचं काम असलंच तर तिथे. आधी नायट्रेट मोजा. मग मासा विष्ठा टाकेपर्यंत टाकीसमोर बसा. ती पांढरी, दोऱ्यासारखी लोंबती आहे का, आणि मासा खातोय की तोंडात घेऊन थुंकतोय, एवढं कळवा.