वादळाआधी घर सोडायचंय, गाडीत जागा दोन-तीन पिशव्यांपुरतीच. काय घेऊ, काय ठेवू?

तुम्ही विचारलंय की उद्या सकाळपर्यंत घर सोडायचंय, गाडीत माणसंच कशीबशी मावणार आणि घरात अख्खा संसार पडलाय, तर सुरुवात कुठून करू. कुठूनही करा, माळ्यावरून करू नका. मी तिथून केली होती.

माळ्यावर जुन्या पत्रांचा डबा निघाला आणि मी वाचत बसलो. दीड तास तिथेच गेला. मग शेवटच्या दहा मिनिटांत हाताला लागेल ते कोंबलं: ड्रिल मशीन, तीन चादरी, इस्त्री. इस्त्री! निवाऱ्याच्या हॉलमध्ये पोचल्यावर बाबांनी शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचा, मग माझ्याकडे पाहिलं. चष्मा घरी बेसिनवर राहिला होता. पुढचे अकरा दिवस कोणी समोर आलं की ते मला हळूच विचारायचे, "कोण आहे रे?" रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटात दोन गोळ्या शिल्लक होत्या, तो घोळ वेगळाच.

तेव्हापासून मी वस्तूची किंमत बघत नाही. ही नसली तर परवा सकाळी कोणाचं अडेल का, एवढंच बघतो. टीव्ही गेला तर वाईट वाटतं, पण अडत नाही. चष्मा, कवळी, कानाच्या यंत्राचे सेल, रोजची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, फोनचा चार्जर, लहान बाळाचं सामान यांच्यावाचून अडतं. हे सगळं एका पिशवीत भरा आणि ती डिकीत न टाकता पायाशी ठेवा. घरात इन्सुलिन असेल तर घाबरू नका. वापरायला काढलेलं बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतं. ते बर्फाला थेट चिकटवून मात्र नेऊ नका, कारण गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. रोख पैसे सुट्ट्या नोटांत घ्या. वीज गेली की एटीएमही बंद आणि कार्डाचं मशीनही बंद.

कागदपत्रांचं फार डोकं खाऊ नका. ओळखपत्रं, घराचे आणि विम्याचे कागद झिपच्या प्लास्टिक पिशवीत घाला, त्यांचे फोटो काढून दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. फोन हातात आहेच तर कपाटं उघडून प्रत्येक खोलीचा व्हिडिओही काढा. विम्याचा दावा करताना घरात काय काय होतं हे आठवून सांगणं फार अवघड जातं.

फोटोंचं मात्र वाईट वाटतं, कारण ते परत मिळत नाहीत. आमचा अल्बम जड म्हणून कपाटात वरच्या फळीवर ठेवला होता. पाणी तिथवर पोचलं नाही, छपरातून आलं. परत आलो तेव्हा अल्बमची वीट झाली होती, पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. मी ती ओढून सोडवली आणि आईच्या लग्नातल्या फोटोतला तिचा चेहरा समोरच्या पानावर गेला. भिजलेले फोटो वाळू द्यायचे नसतात, स्वच्छ थंड पाण्यात ठेवून अलगद सुटे करायचे असतात आणि दोन दिवसांत जमणार नसेल तर फ्रीजरमध्ये टाकायचे असतात, हे मला नंतर कळलं. जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह असतील तर त्यांचं पाकीट घ्या, अख्खा अल्बम त्यात मावतो. नाहीतर फ्रेममधून, अल्बममधून दहा-पंधरा फोटो काढून घ्या. हार्ड डिस्क असेल तर तीही, केबलसकट.

मागे राहणारं सामान पिशव्यांत बांधून उंचावर ठेवा, पण फ्रिजवर नको. घरात पाणी भरलं की फ्रिज चक्क तरंगतो आणि आडवा होतो.

कुत्रं-मांजर असेल तर ते सामानात मोजू नका, ते घरातलं माणूस. २००५ च्या कतरिना वादळात अमेरिकेत कित्येकांनी जनावरांना सोडून निघायला नकार दिला. मग २००६ मध्ये तिथे कायदाच झाला की आपत्तीच्या नियोजनात पाळीव प्राण्यांचाही विचार हवा. तरी तुमच्या निवाऱ्यात त्यांना घेतात का, ते आजच फोन करून विचारा. लसीकरणाचे कागद आणि पट्टा जवळ ठेवा.

घरातल्या प्रत्येकाला मनाची एक वस्तू घेऊ द्या आणि त्यावर वाद घालू नका. आईने बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ उचललं. "चालत नाही ते, कशाला नेतेस?" यावर मी दहा मिनिटं घालवली, तिने ते नेलंच. दहा मिनिटं फुकट गेली ती माझ्यामुळे.

यादी अर्धी राहिली तरी वेळेवर निघा. वादळ पोचायच्या कितीतरी तास आधी समुद्राचं पाणी सखल रस्त्यांवर येऊ शकतं. १५ सेंटिमीटर वाहतं पाणी माणसाचे पाय उचलतं, ३० सेंटिमीटरमध्ये छोटी गाडी वाहून जाते आणि ६० मध्ये बहुतेक सगळ्याच गाड्या. मेन स्विच आणि गॅस बंद करा. कुलूप लावायच्या आधी बेसिनवर एक नजर टाका.