वाचलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही. बारावीला आहे, काय करू?

तू लिहिलं आहेस की डिचोलीहून म्हापशाला कॉलेजला जाते, रात्री धडा तीन-तीनदा वाचते आणि सकाळी डोकं कोरं असतं. यात तुझी बुद्धी कमी पडत नाहीये, पद्धत चुकते आहे. पुन्हापुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं म्हणजे आलंच, असं वाटायला लागतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच तपासलं: पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र स्वतःची परीक्षा घेणारे.

म्हणून धडा एकदा नीट वाच, पुस्तक मीट आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. उदाहरणार्थ गोव्याचा इतिहास: 1961 ला मुक्ती, 1967 ला जनमत कौल, 1987 ला घटक राज्य. नुसती सालं नकोत, कौल कशावर घेतला आणि निकालाने काय टळलं तेही लिही. मग पुस्तक उघड आणि सुटलेलं लाल पेनाने भर. पहिल्यांदा अर्धा कागद कोरा राहील. राहू दे, आठवण्याची ती झटापटच खरा अभ्यास आहे.

तोच कागद दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने पुन्हा. कदंबच्या बसमध्ये पुस्तक न उघडता मनातल्या मनात केलंस तरी चालेल.

आणि झोप मोडू नकोस गं, परीक्षेच्या आदल्या रात्री तर अजिबात नाही. शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागतेच.