रात्री दोन वाजता भूल कोण देणार?

प्रश्न : माझी बायको सातव्या महिन्यात आहे, पहिलीच वेळ. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याची तारीख दिली आहे. रक्त (हिमोग्लोबिन) ८.४ भरलं. यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात विचारलं, तर साधं बाळंतपण २५ हजार आणि सिझर झालं तर ६० हजारांच्या वर म्हणाले. आमचं चार एकर कोरडवाहू, बियाणं-खत उधारीवर आणलं आहे. आई म्हणते, ‘सरकारीत बायांवर खेकसतात, एका खाटेवर दोघी-दोघी निजवतात. सुनेले तिथं मी धाडत नाही, लागन तं बैलजोडी इकू.’ आशाताई म्हणतात सरकारीतच न्या. काय करावं?
— एक वाचक, तालुका घाटंजी

उत्तर : भाऊ, बैलजोडी विकू नका. पेरणी तोंडावर आहे, आणि तुमच्या घरातला खरा धोका त्या ६० हजारांनी टळणारा नाही. तो ८.४ या आकड्यात आहे. बाळंतपणात रक्त प्रत्येकीचंच जातं. अंगात बारा असेल तर अर्धा लिटर गेलं तरी बाई निभावून नेते, ८.४ असेल तर तेवढ्यानंही तिचा जीव धोक्यात येतो.

मी ३२ वर्षं आरोग्य खात्यात काढली, आधी नर्स आणि मग आरोग्य सहायिका म्हणून. तरीही घरातलंच एक बाळंतपण माझ्या डोळ्यांसमोर राहतं. भाचीला तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात नेलं होतं. चकचकीत फरशी, स्वतंत्र खोली. संध्याकाळी सातला मुलगी झाली, पेढे वाटले. दहानंतर रक्त थांबेना. डॉक्टरीणबाईंनी जे करता येईल ते केलं, पण त्या एकट्या होत्या आणि रक्ताची एक पिशवी तिथे नव्हती. साडेअकराला आमच्या हातात चिठ्ठी दिली. जिल्ह्याला पोचायला दीड वाजला. भाची वाचली, पण गर्भाशय काढावं लागलं. २३ वर्षांची होती.

सरकारी पाटी असली म्हणजे झालं, असंही नाही. मी ज्या ग्रामीण रुग्णालयात होते तिथे ऑपरेशनची खोली होती, सर्जन होते, पण भूलतज्ज्ञाची जागा दोन वर्षं रिकामी. सिझर लागलं की बाईला गाडीत घालायचं आणि पुढे पाठवायचं. त्या कळा रस्त्यात सोसताना मी बाया पाहिल्या आहेत.

म्हणून कुठेही जा, तीन गोष्टी विचारा. रात्री दोनला सिझर करायची वेळ आली तर भूल देणारा डॉक्टर किती वेळात येतो? रक्त याच इमारतीत मिळतं की आणायला धावायचं? बाळ रडलं नाही तर काचेची पेटी आणि बाळांचे डॉक्टर इथेच आहेत का? खाजगीतही विचारा, चांगले डॉक्टर रागावत नाहीत, सरळ सांगतात.

तुमच्यासाठी मी यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणेन. तिथे रात्रभर निवासी डॉक्टर असतात, रक्तपेढी आहे, नवजात बाळांचा कक्ष आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त सगळं मोफत आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरमध्ये सात दिवस जेवणही. घरून न्यायला आणि परत सोडायला १०२ ची गाडी. कोणी बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली तर या कार्यक्रमाचं नाव घ्या आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे जा.

आता आईंचं. त्या खोटं बोलत नाहीत. गर्दीच्या दिवसांत एका खाटेवर दोघी असतात. ओरडणंही होतं. मीसुद्धा ओरडले आहे, कळा देणाऱ्या पोरींवर, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांना म्हणा, तुम्हीच सोबत राहा. प्रसूतीच्या खोलीत सोबतीण ठेवायला २०१६ पासून सरकारनं परवानगी दिली आहे. घरची बाई उशाशी असली की ओरडणाऱ्यांचाही आवाज खाली येतो, हे मी पाहिलं आहे.

सिझरचं भय तुम्ही लिहिलं नाही, पण पैशाच्या आकड्यात ते आहेच. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खाजगीतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली, सरकारीत १४.३ टक्के. खाजगीतली सगळी विनाकारण झाली असं मी म्हणणार नाही. आणि सरकारीतला आकडा कमी, त्यात करायला माणूसच नव्हता अशाही रात्री आहेत.

पण दवाखाना ठरवण्याआधी रक्त वाढवायचं आहे, दोन महिने हातात आहेत. लोहाची गोळी रोज, चहासोबत नाही. जेवणात लिंबू पिळा. शौच काळी होते म्हणून बंद करू नका. सातव्या महिन्यात ८.४ म्हणजे शिरेतून लोह द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी घेऊन जा. आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली का? आपल्या विदर्भात ही विचारणा सुटता कामा नये. तिची झाली नसेल तर करा, तुमचीही करा.

ऑगस्टात गावाबाहेरचा नाला भरला की रस्ता किती तास बंद राहतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तारखेच्या आठ-दहा दिवस आधी तिला यवतमाळला कोणा नातेवाइकाकडे ठेवा. तिची आई तिथे येऊन राहील का, हे तिलाच विचारा; तुमच्या पत्रात आईचं आहे, आशाताईंचं आहे, तिचं एकही वाक्य नाही.

तिचा रक्तगट कार्डावर लिहिला आहे का, ते आज संध्याकाळीच बघा. त्याच गटाचे गावातले दोघे-तिघे धडधाकट माणसं शोधून त्यांचे फोन नंबर कार्डातच लिहून ठेवा.