वायर जाड केली तर गाणं गोड होते का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी नागपूरच्या महाल भागात राहतो, घरी जुना स्टिरिओ अँप म्हणजे अँप्लिफायर आहे अन् दोन मोठे स्पीकर. बर्डीवर एका दुकानात ऑडिओवाली पावर केबल दाखवली, बारा हजार म्हणे, बेस एकदम मोकळा होते म्हणे. मला वाटून राहिलं की एवढ्या पैशात तर मी दहा केबला घरीच बनवीन. तर कोणती वायर घेऊ, 4 स्क्वेअरची (म्हणजे 4 चौरस मिलिमीटर जाडीची) चालन का? अन् दुसरं म्हणजे गाणं बंद असलं तरी स्पीकरमधून हुंऽऽ करून आवाज येते. मित्र म्हणते प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक, जाते आवाज. काढू का?

उत्तर: शेवटचं आधी घेतो भाऊ. पिन काढू नका, आणि एव्हाना काढली असेल तर हे वाचून झाल्यावर नाही, आत्ताच उठून परत लावा. आवाज जातो हे खरं आहे म्हणूनच तर हा सल्ला इतकी वर्षं फिरतोय. पण अँपचा पत्र्याचा डबा त्याच पिनेतून जमिनीला जोडलेला असतो, आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं की 230 व्होल्ट डब्यावर येणार आणि तुम्ही व्हॉल्यूम वाढवायला हात लावणार. ती पिन बाकी दोघींपेक्षा लांब का असते माहितीये का, प्लग घालताना ती सगळ्यात आधी लागावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून.

हुंऽऽ बहुतेक वेळा ग्राउंड लूपचा असतो. म्हणजे अँपला अर्थ दोन रस्त्यांनी मिळतो, एक स्वतःच्या प्लगमधून आणि दुसरा टीव्ही नाहीतर कॉम्प्युटरकडून आरसीए केबलवाटे (आवाज नेणारी लाल-पांढऱ्या टोकांची सिग्नल केबल), आणि त्या चकरीत 50 हर्ट्झची गुणगुण शिरते. अँप बंद करून एकेक सिग्नल केबल काढायची, परत चालू करून ऐकायचं, जी काढल्यावर आवाज थांबला तीच चोर. मग सगळी यंत्रं एकाच बोर्डावर आणा, तरी राहिला तर त्या सिग्नल केबलमध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, तो आवाज जाऊ देतो पण तारेची थेट जोडणी तोडतो. माझ्याकडे कूलर सुरू झाला की स्पीकरमध्ये टक्क वाजायचं, तो दुसऱ्या बोर्डावर नेला तर बरंच कमी झालं, एक रुपया लागला नाही.

आता केबल. 4 स्क्वेअर नको, ती कनेक्टरच्या टोपीतच शिरत नाही आणि शिरवलीच तर तिच्या वजनानं अँपचं सॉकेट ढिलं होतं. तांब्याची 1.5 स्क्वेअर, तीन कोरची फ्लेक्सिबल घ्या, वरच्या आवरणावर आयएस 694 (अशा वायरींचं भारतीय मानक) छापलेलं बघून. हिशोब करून बघा ना, दीड मीटर केबलचा येण्याजाण्याचा रेझिस्टन्स जेमतेम 0.04 ओहम, अँपनं ठोक्यावर क्षणभर 10 अँपिअर ओढले तरी 0.4 व्होल्ट पडतात, 230 मधून! आणि मीटरपासून सॉकेटपर्यंत भिंतीत पंधरा मीटर तसलीच वायर असेल तर तिचा याच्या दहापट, त्याचं काय करणार? शिवाय अँप आत विजेचं डीसी करून कपॅसिटरमध्ये भरून ठेवतो, गाणं त्यातून निघतं. म्हणून माझं मत विचाराल तर बेस-बिस काही मोकळा होत नाही. केबल बनवायची ती हव्या त्या लांबीची, मजबूत, आणि हौस म्हणून, हौसेला माझी ना नाही.

बनवताना भिंतीकडे चांगला 6 अँपिअरचा तीन पिन टॉप आणि अँपकडे सी-13 कनेक्टर, म्हणजे कॉम्प्युटरच्या केबलला असतो तोच. तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ, आतमध्ये एल (फेज), एन (न्यूट्रल) आणि अर्थची खूण असते ती बघूनच जोडा. बरेच जण तारांच्या टोकांना शिसं (सोल्डर) लावून मग स्क्रूखाली दाबतात, दिसायला छान दिसतं पण शिसं दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू ढिला होतो आणि तिथं गरम व्हायला लागतं. त्यापेक्षा पिनवाले लग (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) लावून दाबा. अर्थची तार आत बाकीच्यांपेक्षा थोडी लांब ठेवा, केबल ओढली गेली तर ती शेवटी तुटावी. आणि क्लँपनं बाहेरचं जाड आवरण धरलं पाहिजे, आतल्या तारा नाही. झालं की मल्टिमीटरवर एका टोकाच्या अर्थपासून दुसऱ्या टोकाच्या अर्थपर्यंत बीप यायला हवा, फेजपासून न्यूट्रलला किंवा अर्थला अजिबात नको. हे न तपासता सॉकेटात घालायची नाही.

पण तुम्ही महालातले म्हणून एक विचारतो, सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे वायर आहे का? जुन्या घरांत कितीतरी ठिकाणी नसतेच. आणि असली तरी आपल्याकडे मे महिन्यात काळी माती भेगा पडेस्तोवर वाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच. इलेक्ट्रिशियनला बोलावून मोजून घ्या, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत जा, आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर त्या बारा हजारांतले थोडे तिथं घाला.

प्रश्न: माझ्या डीव्हीडी प्लेअरला आठच्या आकड्यासारखं दोन पिनचं सॉकेट आहे, त्याला तीन पिनची जाड केबल कशी लावू?

उत्तर: लावूच नका. मागच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह दिसेल, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन आहे, त्याला अर्थ लागतच नाही. सोबत आलेली केबल ढिली झाली असेल तर तशीच नवीन आणा, बर्डीवर कुठंही मिळते.