डुकरांच्या फ्लूचा वंशवृक्ष काढण्याआधी

फक्त एचए जनुकावर (विषाणूला पेशीला चिकटवणाऱ्या प्रथिनाचे जनुक) थांबू नका. या विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकीय संच, 8 तुकड्यांत असतो. एकाच डुकराला दोन विषाणू एकदम लागले की तुकड्यांची अदलाबदल होते. 2009 च्या साथीचा एच1एन1 असाच जुळून आला. म्हणून आठही तुकड्यांचे वृक्ष वेगवेगळे काढा. फांद्या जुळल्या नाहीत तर अदलाबदलीचा संशय घ्या, पण आधी नमुना कसला होता ते बघा! गोठ्यात टांगलेल्या दोरीवरची लाळ अनेक डुकरांची असते, तिच्यातून जोडलेला जीनोम खोटाच संकर दाखवू शकतो. ताप आलेल्या एकेका डुकराच्या नाकातला स्वॅब पहिल्या दोन-तीन दिवसांतच घ्या आणि 4 अंशांवर ठेवा. तपासणी लांबणार असेल तर उणे 80. साध्या फ्रीजरच्या उणे 20 वर विषाणू नीट टिकत नाही.