ईएसलिंट आणि टाइपस्क्रिप्टचा स्ट्रिक्ट मोड टीमवर सक्तीचा करावा का? ज्युनियर वैतागतील अशी भीती वाटते, आणि आमचा लीड म्हणतो की कोड रिव्ह्यू नीट केला तर गरजच नाही.

करा. ईएसलिंट म्हणजे कोड न चालवताच त्यातल्या चुका दाखवणारं टूल (लिंट), आणि स्ट्रिक्ट मोड म्हणजे टाइपस्क्रिप्टची कडक टाइप-तपासणी. तुमच्या लीडचं ते वाक्य वाचलं म्हणूनच लिहायला बसले. महापेच्या एका ऑफिसात हेच वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजून डोकं तापतं.

आमचं काम गोदामांच्या सॉफ्टवेअरचं होतं. न्हावा शेव्याहून कंटेनर निघतो, भिवंडीच्या गोदामावर येतो, गेटवरचा सुपरवायझर टॅबलेटवर गाडी नंबर आणि सील नंबर टाकतो, 'नोंद झाली' अशी हिरवी पट्टी येते, गाडी आत जाते. एके दिवशी भिवंडीहून फोन आला, "मॅडम, गाडी माझ्यासमोर उभी आहे आणि तुमच्या सिस्टीममध्ये ती आलेलीच नाही." माणूस पक्का होता. टॅबलेट आला तरी त्याने कागदी गेट रजिस्टर सोडलं नव्हतं. त्याने पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले, आम्ही ताडून पाहिलं, तर मधल्या मधल्या नोंदी गायब. सर्व्हरच्या लॉगमध्येही त्यांचा पत्ता नाही.

सगळ्यांनी खापर नेटवर्कवर फोडलं. पत्र्याच्या शेडखाली नेटवर्क जातंच, मान्य. पण ते गेलं तर लाल पट्टी यावी म्हणून ट्राय-कॅच, म्हणजे चूक झाली तर ती पकडणारा कोड, लिहिलेला होता. मग कॅच का चालला नाही? कारण सेव्ह करणाऱ्या असिंक (उत्तर नंतर देणाऱ्या) फंक्शनच्या कॉलपुढे 'अवेट', म्हणजे 'उत्तर येईपर्यंत थांब', नव्हता. प्रॉमिस, म्हणजे नंतर येणाऱ्या उत्तराचा वायदा, सुटं राहिलं, ट्राय ब्लॉक लगेच संपला, पुढच्या ओळीने हिरवी पट्टी दाखवली. रिक्वेस्ट फसली तोवर तिला पकडणारं कोणी उरलं नव्हतं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एक एरर पडली असेल, ती गेटवर कोण बघणार?

ती ओळ दोन सीनियरांनी रिव्ह्यू करून पास केली होती. दोघंही हुशार, पण लिहिलेलं चुकलं तर माणसाला दिसतं, लिहायचं राहिलेलं दिसत नाही. टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटमधला 'नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस' हा नियम नेमका यासाठीच आहे, आणि तो लावा म्हणून मी आधीपासून मागे लागले होते. "शिस्त माणसात हवी, टूलमध्ये नाही. रिलीज होऊ दे, मग बघू," हे मला मिळालेलं उत्तर. त्या फोननंतर मी वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र प्रतीवर) नियम चालू केला आणि लिंटने बरोबर त्या ओळीवर बोट ठेवलं. बिलिंगच्या कोडमध्येही तसलेच कॉल निघाले. तरी लीडने ती एक ओळ दुरुस्त करायला लावली आणि नियम 'वॉर्निंग' म्हणून ठेवला. वॉर्निंगांच्या ढिगात ती कोणी वाचली नाही.

म्हणून सांगते, नियम ठेवायचा तर 'एरर' म्हणून ठेवा आणि सीआयमध्ये (सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) 'मॅक्स-वॉर्निंग्ज' शून्य करा. नुसत्या प्री-कमिट हुकवर, म्हणजे कमिटआधी आपल्याच मशीनवर चालणाऱ्या तपासणीवर, विसंबू नका, 'नो-व्हेरिफाय' लिहून कोणीही तो ओलांडतो. स्ट्रिक्ट पहिल्या दिवसापासून चालू हवा, नाहीतर नल (किंमतच नसणं) तपासलंच जात नाही. 'एनी', म्हणजे टाइपची तपासणीच टाळणारा टाइप, बंद करा. टाइप खरंच माहीत नसेल तर तपासल्याशिवाय वापरू न देणारा 'अननोन' आहे, तो टाइपस्क्रिप्टमध्ये 2018 पासून आहे. जुन्या कोडमध्ये एररचा पूर येईल. त्यासाठी 2025 पासून ईएसलिंटमध्येच सोय आहे: जुन्या एरर एका फाइलमध्ये नोंदवून दाबून ठेवता येतात आणि नवीन कोडला नियम पूर्ण लागू होतात. टाइपच्या एरर दाबायच्या तर 'टीएस-इग्नोर' नको, 'टीएस-एक्स्पेक्ट-एरर' वापरा, कारण मूळ एरर गेली की ती ओळ स्वतःच ओरडते.

ज्युनियरांचं म्हणाल तर वैताग येतो तो बहुतेक सेमीकोलन आणि स्पेसवरून. ते प्रेटियरवर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप करणाऱ्या टूलवर, सोपवून मोकळे व्हा. ईएसलिंटने स्वतः 2023 मध्ये फॉर्मॅटिंगचे नियम मोडीत काढले. उरलेले नियम ज्युनियरला चारचौघांत सीनियरची बोलणी खाण्यापासून वाचवतात, आणि हे मी ज्युनियर असताना मला फार हवं होतं.

दोन गोष्टी राहिल्या. टाइपवर चालणारे नियम लिंटला हळू करतात, मोठ्या रिपोत (कोडच्या साठ्यात) ते जाणवतं. आणि टाइप रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालताना, उरत नाहीत, त्यामुळे एपीआयकडून आकड्याऐवजी स्ट्रिंग आली तर टाइपस्क्रिप्ट गप्प बसणार. तिथे आलेला डेटा तपासणाऱ्या झॉडसारख्या लायब्ररीची तपासणी लागतेच. दोन आठवड्यांत फेकून द्यायचा डेमो असेल तर यातलं काहीच नको.

आणि लीडशी वाद घालत बसू नका. एका ब्रँचवर हा एकच नियम चालू करून लिंट चालवा, जी ओळ निघेल तिचा पुल रिक्वेस्ट (ती ओळ कोडमध्ये घेण्याची रिव्ह्यूसाठीची विनंती) त्यांच्यासमोर उघडा आणि तो अप्रूव्ह कोणी केला होता ते त्यांनाच वाचायला सांगा.