बॅलन्स रोज आपोआप कॅलिब्रेट होतो, तरी १० मिलिग्रॅमचं वजन नापास का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूरहून रोज बेळगावला क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये येता. बॅलन्स, म्हणजे लॅबचा नाजूक तराजू, २२० ग्रॅमचा, ०.०१ मिलिग्रॅम दाखवणारा, सकाळी आतल्या वजनाने स्वतःच कॅलिब्रेट होणारा. तरी रोज १० मिलिग्रॅम, १ ग्रॅम, २० ग्रॅम आणि २०० ग्रॅम अशी चार वजनं ठेवायची. २०० कधी चुकत नाही, १० मिलिग्रॅम मात्र महिन्यातून दोन-तीनदा ०.१० टक्क्याच्या बाहेर जातं, आणि वरचे म्हणतात तुमचा हात नीट नाही.

हात नीट आहे तुमचा. ती मर्यादा त्या वजनाला लावणंच चूक आहे.

हिशेब करा की. तपासणीच्या वजनांचे अचूकतेनुसार वर्ग असतात. त्यातल्या एफ१ वर्गातल्या १० मिलिग्रॅमच्या वजनाला स्वतःलाच ०.०२५ मिलिग्रॅम इकडे-तिकडे असायची मुभा आहे, म्हणजे ०.२५ टक्के. त्याहून अचूक, महागडं ई२ आणलं तरी ०.००८, म्हणजे ०.०८ टक्के. त्यात बॅलन्सचा शेवटचा एक आकडा हलला की ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१० टक्का तिथेच संपला. दोन आकडे हलले की नापास, आणि पाच दशांशांच्या बॅलन्सवर दोन आकडे कुणाच्याही हातून हलतात. यूएसपीच्या (अमेरिकेच्या औषध-मानकांच्या ग्रंथाच्या) ४१ क्रमांकाच्या प्रकरणात म्हटलंय की अचूकतेच्या चाचणीचं वजन क्षमतेच्या ५ ते १०० टक्के हवं आणि वजनाची स्वतःची चूक मर्यादेच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. २२० ग्रॅमच्या बॅलन्सला ११ ग्रॅमच्या खाली उतरायचंच कशाला? २०० ग्रॅमच्या एफ१ वजनाची मुभा १ मिलिग्रॅम आहे आणि ०.१० टक्का म्हणजे २०० मिलिग्रॅम. तिथे वजन चाचणीच्या आड येतच नाही.

मग छोट्या वजनाची खात्री कशी करायची, हा खरा प्रश्न. त्यावरून आमच्या लॅबमध्ये झालेलं भांडण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

एकच स्टँडर्ड (शुद्धता ठाऊक असलेली पावडर) दोनदा २०-२० मिलिग्रॅम घेतलं की यंत्रावर दोन्हींच्या रिस्पॉन्समध्ये ०.४-०.५ टक्क्याचा फरक. यंत्राचा कॉलम बदलला, त्यातून वाहणारं द्रावण म्हणजे मोबाइल फेज नवी केली, तीन दिवस गेले. बॅलन्सकडे कुणी बघेना, कारण सकाळचा २०० ग्रॅमचा तक्ता स्वच्छ. 'दोनशे बरोबर म्हणजे सगळं बरोबर' हे आमच्या वरिष्ठांचं वाक्य. शेवटी २० ग्रॅमचं एकच वजन दहा वेळा ठेवलं-काढलं, प्रत्येक वेळी आधी शून्य केलं आणि आकडे लिहिले. एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे आकडे किती विखुरले त्याचं माप) आली ०.०२२ मिलिग्रॅम. किमान वजन, म्हणजे ०.१० टक्क्याच्या आत भरवशाने तोलता येईल असं सगळ्यात कमी वजन, हे एसडी गुणिले २०००, म्हणजे ४४ मिलिग्रॅम. आणि आम्ही खुशाल २० तोलत होतो.

कारण निघालं एसी. उन्हाळ्याआधी बदललेला, झडप थेट टेबलावर रोखलेली. कॉम्प्रेसर चालू झाला की काचेच्या दाराच्या फटीतून हवा शिरायची आणि पॅन किंचित उचलला जायचा. २०० ग्रॅमवर ०.०३ मिलिग्रॅम हललं तर तक्त्यात कुणाला दिसणार? २० मिलिग्रॅमवर तेवढंच म्हणजे ०.१५ टक्के. झडप वर केली, टेबल चार फूट सरकवलं, पुन्हा दहा वेळा तोललं: ०.००६. किमान वजन १२ मिलिग्रॅम. स्टँडर्डचा फरक त्याच दिवशी गेला. यावर वरिष्ठांनी काय केलं, तर रोजच्या तक्त्यात १० मिलिग्रॅमचं वजन वाढवलं! तुमच्याकडचं दुखणं तेच आहे. एकदा ठेवलेलं छोटं वजन काहीच सांगत नाही. तेच वजन दहा वेळा ठेवल्यावर किती नाचतं, तेच बघायचं असतं.

दहा वेळांच्या चाचणीला चिमट्यात नीट धरता न येणारी पत्र्याची वजनं नकोत. वजन लहान आहे की मोठं यावर एसडी फारशी अवलंबून नसते, तेव्हा हाताला सोयीचं घ्या. एसडी शेवटच्या आकड्याच्या ०.४१ पटीपेक्षा कमी आली तर ०.४१ पटच धरायची. म्हणून ०.०१ मिलिग्रॅमच्या बॅलन्सवर काही केलं तरी ८.२ मिलिग्रॅमच्या खाली जाता येत नाही, ०.१ मिलिग्रॅमवाल्यावर ८२. हे वजन फक्त पावडरीचं, फ्लास्क किंवा बोट (पावडर तोलायची छोटी तबकडी) धरून नव्हे. आणि आलेल्या आकड्याच्या दुप्पट तरी तोला, कारण चाचणी शांत सकाळी होते आणि काम दुपारी.

रोजचं मी असं करतो: आधी बॅलन्सची पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यभागी, मग ब्रशने पॅन आणि पॅनखालचं साफ. रात्री करंट गेला असेल तर निदान तासभर गरम होऊ द्यायचा, किंवा बॅलन्सच्या पुस्तकात लिहिलाय तेवढा वेळ. वजनं बॅलन्सच्या शेजारीच ठेवायची, कपाटातून आणून लगेच नाही. हाताने ऊब लागलेलं वजन हलकं दिसतं, ओव्हनमधून काढलेला फ्लास्कसुद्धा. आकडा पडताळायचा तो प्रमाणपत्रावरच्या किमतीशी, वजनावर कोरलेल्या आकड्याशी नाही. मार्चमधल्या कोरड्या हवेत प्लॅस्टिकची बोट आणि नायट्राइल हातमोजे म्हणजे स्थिर विजेला आमंत्रण. आकडा एकाच दिशेने सरकत राहिला तर आधी तिचा संशय घ्या. उद्यमबागेत शेजारी फाउंड्री असेल तर दगडी टेबलही पुरत नाही, मशीन बंद असतानाच दहा वेळांची चाचणी करून फसू नका.

आतल्या वजनाचं म्हणाल तर त्यावर धूळ-पावडर बसली की बॅलन्स तीच चूक स्वतःला शिकवतो. बाहेरचं वजन ठेवायचं ते एवढ्याचसाठी. ते कॅल (कॅलिब्रेशनचं बटण) दाबायच्या आधी ठेवा. आधी दाबलं तर काल संध्याकाळी बॅलन्स कुठे होता हे कायमचं पुसलं गेलं. नापास आलं म्हणून कॅल दाबून पुन्हा ठेवायचं आणि दुसराच आकडा लिहायचा, हे बरेच जण करतात. ऑडिटरला प्रिंटआउटच्या वेळांवरून ते दिसतं.

गोव्यातून चोर्ला घाट चढून आणलेला बॅलन्स न जुळवता लावला तर २०० ग्रॅमवर तीस-चाळीस मिलिग्रॅम कमी दाखवेल, गुरुत्वाकर्षण कमी म्हणून. आणि ०.१० टक्क्याच्या मर्यादेत तो बिनबोभाट पास होईल! म्हणून आमची अंतर्गत मर्यादा ०.०५ टक्क्याहूनही बरीच कडक ठेवली आहे.

हे सगळं वाचून उद्या १० मिलिग्रॅम ठेवणं बंद करू नका. एसओपीत (कामाच्या लेखी ठरलेल्या पद्धतीत) आहे तोवर ठेवायचं, नापास आलं तर तसंच लिहायचं. बदलाचा अर्ज वेगळा करा आणि त्याला ०.०२५ भागिले १० हा हिशेब आणि तुमच्याच बॅलन्सचे दहा आकडे जोडा. हाताबद्दल बोलणाऱ्यांना तो कागद द्या.